चार बक्षिसं, एक वही आणि ६,९६० रुपयांचा कर

टपाल खात्यात माझी छत्तीस वर्षं गेली. त्यातली शेवटची अकरा साताऱ्यातल्या एका उपडाकघरात, खिडकीवर. स्पर्धांची कार्डं माझ्या हातून किती गेली त्याला गणती नाही. साधं पोस्टकार्ड ५० पैशांचं आणि स्पर्धेचं कार्ड १० रुपयांचं. लोक साध्या कार्डावर उत्तर लिहून आणायचे, मी त्यांना स्पर्धेचं कार्ड घ्यायला लावायचे आणि मग ते हमखास विचारायचे, "बाई, खरंच लागतं का हो कुणाला?" तेव्हा मला उत्तर देता यायचं नाही. निवृत्तीनंतर मी स्वतः भाग घ्यायला लागले. आता कार्ड नाही, सगळं फोनवर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात मला चार बक्षिसं लागली, म्हणून आता सांगू शकते की लागतं. पण बक्षिसाच्या पाठोपाठ कर येतो, आणि जाहिरातीत तो कुठेच नसतो. अगदी तळाशी बारीक अक्षरात 'लागू असलेले कर विजेत्याने भरावेत' एवढंच असतं.

मी भाग घेतलेल्या सगळ्या सोडती मोफत होत्या, किंवा घरात एरवी येतोच त्या चहा-मसाल्याच्या पुड्यावरचा कोड टाकायच्या. पैसे लावून खेळायची ॲप हा निराळा विषय आहे, त्यावर करही निराळ्या कलमाखाली लागतो, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं तसल्या खेळांवर बंदीचा कायदाच केला. मी त्या वाटेला कधी गेले नाही. कंपन्यांची नावं इथे घालत नाही. या सोडती संपल्या आहेत, आणि हे काम कंपनी स्वतः न करता एजन्सीला देते. पुढच्या वर्षी एजन्सी बदलली की अनुभवही बदलतो. पद्धत मात्र सगळीकडे तीच आहे, म्हणून पद्धतीबद्दलच लिहिते.

आधी ज्याला मी बक्षीस मानतच नाही त्याबद्दल. खरेदीच्या एका ॲपवर चक्र फिरवायचं होतं. माझं चक्र '५०० रुपये जिंकलात' वर थांबलं. उघडून बघितलं तर १,४९९ रुपयांची खरेदी केली तर ५०० रुपये कमी, तेही तीस दिवसांत, तेही फक्त कपड्यांवर. याला सूट म्हणतात. दुकानदार दिवाळीत देतो तीच. मी ते कूपन वापरलं नाही आणि वहीत त्याच्यासमोर शून्य लिहिलं. चक्र, खरवडायचं कार्ड, फुगा फोडणं, असलं काही दिसलं की आधी अट वाचायची. किमान खरेदीची अट असली तर वेळ घालवू नये.

पहिलं खरं बक्षीस जुलैत लागलं. चहाच्या पुड्यातला कोड संदेशानं पाठवायचा होता, रोज सोडत. १० ग्रॅमचं चांदीचं नाणं. एकवीस दिवसांत स्पीड पोस्टानं घरी आलं, शिक्क्याच्या प्लास्टिक डबीत, ९९९ शुद्धतेची खूण असलेलं. राजवाड्याजवळच्या आमच्या नेहमीच्या सराफाकडून तपासून घेतलं. त्या दिवशीच्या भावानं त्यानं १,१६० रुपये सांगितले. मी त्याच्याकडून तारखेसह चिठ्ठी लिहून घेतली. तेव्हा ती केवळ टपालातली सवय म्हणून घेतली होती, पुढे तिचा उपयोग झाला. नाणं दिवाळीला पूजेत ठेवलं. या सोडतीबद्दल मला काहीही तक्रार नाही. काय मिळणार, किती जणांना मिळणार, कधीपर्यंत मिळणार हे पुड्यावर छापलं होतं आणि तसंच झालं.

दुसरं गणपतीतलं. मसाल्याच्या कंपनीनं मोदकांचे फोटो मागवले होते. मी तळणीच्या मोदकांचा पाठवला, कारण उकडीच्या मोदकांचे फोटो सगळेच पाठवणार हे उघड होतं. तीन लिटरचा कुकर लागला. खोक्यावर छापील किंमत २,१९५ रुपये, पण तोच कुकर पोवई नाक्यावरच्या भांड्यांच्या दुकानात १,६५० ला मिळत होता. कुकर चांगला आहे, शिट्टी वेळेवर होते, झाकण घट्ट बसतं. निकाल मात्र त्यांनी जाहीरच केला नव्हता. मला लागलं हे मला कळलं, पण इतर कुणाला लागलं, की मुळात लागलंच नाही, ते कुठेच नव्हतं. हे मला पटलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. बक्षिसाची योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणं ही त्यातलीच एक प्रथा. मी हे कलम लिहून त्यांना ईमेल केला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उल्लेख केला. बारा दिवसांनी त्यांच्या पानावर नावांची यादी आली. मला बक्षीस मिळालेलंच होतं, तरी लिहिलं. कारण ज्यांना लागत नाही त्यांनाही निकाल कळायचा हक्क आहे, आणि त्यांची संख्या नेहमी जास्त असते.

जानेवारीत घोषवाक्याचे १,००० रुपये थेट यूपीआयवर आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. संदेश आला, आकडा जमा झाला, संपलं.

सांगायचंय ते फोनबद्दल.

दिवाळीच्या सोडतीत एका बिस्किटांच्या कंपनीनं मोबाइल फोन ठेवले होते. ६ नोव्हेंबरला दुपारी कॉल आला. हिंदीत बोलणारी मुलगी. "बधाई हो," म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात, "मॅडम, टॅक्स के पाँच हज़ार पाँच सौ पचास रुपये पहले जमा करने होंगे." हे शेजारीच होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कट केला.

ह्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मला खिडकीवरचे ते आजोबा आठवले. निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. बचत खात्यातून ४०,००० रुपये काढायला आले होते. हात थरथरत होता, सही दोनदा जुळली नाही. मी विचारलं, "आजोबा, एवढे कशाला?" तर म्हणाले, पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे, आधी कर भरायचा आहे. व्हॉट्सॲपवर आलेला तो कागद त्यांनी मला दाखवला. वर मोठ्ठा शिक्का, खाली सही, मधे एक मोबाइल नंबर. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मुलाला बोलावून घेतलं. पैसे वाचले. पण त्याआधी एकदा १२,००० रुपये गेलेले होते, ते गेलेच. तिकीटच काढलं नव्हतं तर लॉटरी लागेल कशी, असं मुलगा त्यांना माझ्यासमोर ओरडून विचारत होता आणि आजोबा खाली मान घालून बसले होते. ते मी विसरलेले नाही. म्हणून कुणी 'आधी कर भरा' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

अडचण अशी, की खऱ्या सोडतीतही हेच वाक्य येतं. बक्षीस रोख असेल तर कंपनी ३० टक्के कापून उरलेले देते; विजेत्याकडून काही मागायचा प्रश्नच येत नाही. पण बक्षीस वस्तूचं असेल तर फोनमधून ३० टक्के कापून कसे घेणार? म्हणून आयकर कायद्याच्या १९४बी कलमात म्हटलं आहे, की वस्तू हातात देण्याआधी तिच्यावरचा कर भरला गेला आहे याची खात्री देणाऱ्यानं करून घ्यावी. काही कंपन्या तो स्वतःच्या खिशातून भरतात. बाकीच्या विजेत्याकडून मागतात. म्हणजे जे वाक्य भामटा म्हणतो तेच कायद्यानं चालणारी कंपनीही म्हणते, आणि फरक आपल्याला ओळखावा लागतो.

मी तो असा ओळखला. पहिली गोष्ट, या सोडतीत मी खरंच भाग घेतला होता आणि माझा नोंदणी क्रमांक माझ्या वहीत होता. कॉल करणाऱ्या मुलीनं तोच क्रमांक सांगितला होता का, हे कट केल्यामुळे कळलं नव्हतं. मग मी आलेल्या नंबरावर परत कॉल केला नाही. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेला ग्राहक सेवा क्रमांक लावला. तिथल्या माणसानं माझा नोंदणी क्रमांक विचारून हो म्हटलं आणि एजन्सीचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ईमेल आला. त्यात फोनचं बिल होतं, १८,४९९ रुपयांचं. त्याचे ३० टक्के ५,५४९ रुपये ७० पैसे, म्हणजे मागितलेली रक्कम बरोबर जुळत होती. पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर न मागता कंपनीच्या नावानं असलेल्या चालू खात्यात मागितले होते. आणि त्यांनी माझा पॅन मागितला होता. ज्याला कर भरायचाच नाही त्याला पॅनशी काय देणंघेणं? पण पॅन मागितला एवढ्यानं भागत नाही, भामटेही कागद मागतात. म्हणून मी उलट त्यांच्याकडे त्यांचा टॅन मागितला, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही टॅन तपासायची सोय आहे. तिथे टॅन घातला, मोबाइलवर ओटीपी आला, आणि नाव कंपनीचंच निघालं. मग मी पैसे भरले. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

टॅन मागितल्यावर समोरचा गडबडला, चिडला किंवा 'आज संध्याकाळपर्यंतच मुदत आहे' म्हणाला, तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

फोन २४ डिसेंबरला आला, म्हणजे पहिल्या कॉलनंतर अठ्ठेचाळीस दिवसांनी. नियमांत पंचेचाळीस दिवस लिहिले होते. तीन दिवसांचा उशीर मी धरत नाही. फोन उत्तम आहे. आवाज मोठा, अक्षर मोठं करता येतं, चार्जिंग दीड दिवस पुरतं. पुण्याच्या नातीशी आता व्हिडिओवर बोलताना चेहरा तुटत नाही. एजन्सीवर माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. माझ्याकडून कर घेतला, तर तो भरल्याचा दाखला, फॉर्म १६ए, त्यांनी आपणहून द्यायला हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा दाखला १५ फेब्रुवारीपर्यंत मिळायला हवा. मला तो तीन ईमेल केल्यावर ३ मार्चला मिळाला. पैसे घेताना दिवसातून दोन कॉल करणारी माणसं कागद देताना गप्प बसतात, हे मला अजिबात आवडलं नाही.

दरम्यान माझा जीव भांड्यात पडला तो पोर्टलमुळे. ई-फायलिंगवर वार्षिक माहिती विवरण असतं, एआयएस म्हणतात. २०२१ पासून ही सोय आहे. त्यात माझं निवृत्तिवेतन, ठेवींचं व्याज, आणि खाली एक नवी ओळ आली होती: लॉटरी किंवा शब्दकोडं वगैरेंतून मिळालेलं उत्पन्न, १८,४९९, कापलेला कर ५,५५०. कंपनीनं पैसे खरंच सरकारात भरले होते. एखादी ओळ आपली नसली किंवा आकडा चुकला असला, तर तिथल्या तिथे आपलं म्हणणं नोंदवता येतं. सोडतीत भाग घेणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून दोनदा तरी हे पान उघडावं. मी टपालात असताना मनीऑर्डर पोचली की नाही हे विचारायला लोक महिना-महिना खेटे घालायचे. इथे घरात बसून, स्वतःच्या डोळ्यांनी, नोंद दिसते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता हिशेब. इथे मी मोठी चूक करणार होते.

माझं निवृत्तिवेतन आणि वरिष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज मिळून वर्षाला साधारण ६,४०,००० होतात. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत करमाफी, म्हणून मला कर शून्य. विवरणपत्र मी स्वतःच भरते, आयटीआर-१, अर्ध्या तासाचं काम. मला वाटलं, बक्षिसं धरून सात लाखही होत नाहीत, म्हणजे भरलेले ५,५५० परत मिळणार. शिवाय कंपनीला आधीच फॉर्म १५एच दिला असता तर कर कापलाच गेला नसता, असंही मनात आलं. मार्चमध्ये सीएंच्या कार्यालयात गेले. तिथल्या मुलीनं, जी माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल, कागद बघितले आणि म्हणाली, "काकू, यातलं काहीच लागू होत नाही."

तिनं समजावून सांगितलं ते असं. बक्षिसाचं उत्पन्न ११५बीबी कलमात येतं आणि त्यावर सरळ ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. त्याला करमुक्त टप्पा नाही. बारा लाखांची माफी आपल्या नेहमीच्या उत्पन्नावरच्या कराला मिळते, विशेष दराच्या कराला मिळत नाही. विमा, भविष्य निर्वाह निधी, कशाचीच वजावट यातून होत नाही. बक्षीस मिळवायला केलेला खर्चही वजा करता येत नाही. मी घेतलेले चहाचे चार जास्तीचे पुडे माझ्याच खर्चात. १५एच व्याजासाठी आहे, बक्षिसासाठी तो चालत नाही. मी विचारलं, "मग बाई, दहा हजारांच्या आतलं बक्षीस करमुक्त असतं ना?" मी सगळीकडे हेच ऐकलं होतं. आमच्या निवृत्तांच्या गटात तर दोघंतिघं हेच ठामपणे सांगतात. ती म्हणाली, "काकू, १०,००० ही कापायची मर्यादा आहे, लागायची नाही."

हे तिचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. एका वेळी मिळालेलं बक्षीस १०,००० च्या वर असेल तरच देणाऱ्यानं कर कापायचा. त्याहून कमी असेल तर तो कापणार नाही, पण आपण दाखवायचं आणि भरायचं. नाणं असो, कुकर असो, हजार रुपये असोत.

मी तिला आणखी एक शंका विचारली. नाणं सोडतीत लागलं, ते ठीक. पण घोषवाक्य आणि मोदक परीक्षकांनी निवडले, ते नशिबानं लागलेलं नाही. मग ती लॉटरी कशी? तिनं कायद्याची व्याख्या काढून दाखवली. २००१ च्या वित्त कायद्यानं तिथे स्पष्टीकरण घातलं आहे: चिठ्ठ्या टाकून, योगायोगानं किंवा 'अन्य कोणत्याही प्रकारे', कोणत्याही नावाच्या योजनेखाली दिलेलं बक्षीस लॉटरीतच मोजायचं. 'अन्य कोणत्याही प्रकारे' या शब्दांतून मोदकही सुटत नाहीत, असं तिचं मत पडलं. मला ते अन्यायाचं वाटतं. चिठ्ठी निघणं आणि चार तास उभं राहून मोदक वळणं हे सारखं नाही. पण तिच्या सल्ल्यावर मी सगळंच दाखवायचं ठरवलं.

तर माझी वही अशी. नाणं १,१६०, सराफाच्या चिठ्ठीप्रमाणे. कुकर १,६५०, छापील किंमत न धरता बाजारात ज्या भावानं मिळतो तो धरायचा, आणि त्या दिवसाचा दुकानाचा भाव पुराव्यादाखल ठेवायचा. फोन १८,४९९, कंपनीच्या बिलाप्रमाणे. रोख १,०००. एकूण २२,३०९. त्यावर ३१.२ टक्के, ६,९६० रुपये. त्यातले ५,५५० फोनच्या वेळी भरलेले. उरले १,४१०. यात छोट्या तीन बक्षिसांचा कर आहेच, शिवाय फोनवरचा उपकरही आहे, कारण कापताना फक्त ३० टक्के कापतात आणि उपकर आपल्याला मागाहून भरावा लागतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वरिष्ठ नागरिकाला, व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर, आगाऊ कराची सक्ती नाही, म्हणून हे १,४१० विवरणपत्र भरताना भरले तरी चालतात.

आणखी एक गोष्ट बदलते. बक्षिसाचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ चालत नाही. एक हजार रुपये असले तरी आयटीआर-२ लागतं. ते लांबलचक आहे, आणि त्यात बक्षिसाचं उत्पन्न वर्षाच्या कुठल्या भागात आलं तेही तारखांच्या खणांत भरायचं असतं: १५ जूनपर्यंत, मग १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, आणि उरलेलं. तारखा लिहून ठेवल्या नसत्या तर मी आज कुरिअरच्या पावत्या शोधत बसले असते. त्या कार्यालयाचे मी १,५०० रुपये देणार आहे. ते मला महाग वाटत नाहीत. तिनं पाऊण तास दिला, माझे चुकीचे तीन समज काढले, आणि कागदावर स्वच्छ अक्षरात हिशेब करून दिला. पुढच्या वर्षी आयटीआर-२ मी स्वतः भरून बघणार आहे.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या कागदांवर १९४बी किंवा ११५बीबी हे आकडे दिसले नाहीत तर गोंधळू नका. दर ३० टक्केच ठेवला आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्यानं भरायचं.

एक लक्षात राहिलेली गोष्ट सांगते. माझी धाकटी जाऊ चेन्नईला असते. मी तिला दिवाळीच्या सोडतीचा दुवा पाठवला, तर तिचा फोन आला, "ताई, आम्हाला यात भागच घेता येत नाही." खरंच, अटींत लिहिलं होतं की तमिळनाडूतले रहिवासी पात्र नाहीत. तिथे १९७९ पासून बक्षीस योजनांवर बंदीचा कायदा आहे. मी इतक्या वर्षांत अटींचं ते वाक्य नुसतं ओलांडून पुढे जात होते. आता आधी अटीच वाचते: कोण पात्र, किती बक्षिसं, कधी मिळणार, कर कोण भरणार. 'कर कंपनी भरेल' असं लिहिलेली सोडत मला सगळ्यांत वर ठेवावीशी वाटते, आणि अशा दोन मला यंदा सापडल्या आहेत.

हातात काय उरलं ते मोजलं तर, २२,३०९ मधून कराचे ६,९६० आणि सीएंचे १,५०० गेले, राहिले १३,८४९. फोन मला उपकरासकट ५,७७२ ला पडला. एवढ्यात तसा फोन दुकानात मिळत नाही. म्हणजे फोनच्या सोडतीत भाग घेणं मला पुरेपूर मानवलं. १,००० रुपयांच्या घोषवाक्याचे ३१२ कर गेल्यावर ६८८ राहतात. वर्षभरात तेवढंच एक बक्षीस लागलं असतं तर त्याच्यासाठी आयटीआर-२ आणि १,५०० रुपये सल्ला, हे परवडलं नसतं. म्हणून लहान रोख बक्षिसांच्या सोडती मी यंदा सोडून दिल्या आहेत. चांदीच्या नाण्याची मात्र सोडणार नाही, ते पूजेत शोभतं.

सध्या एका तेलाच्या कंपनीची सोडत चालू आहे, पहिलं बक्षीस फ्रिज, ४२,९९० रुपयांचा, आणि कर विजेत्यानं भरायचा आहे. त्याचे ३० टक्के १२,८९७ होतात. आमचा फ्रिज २००९ सालचा आहे, दार दोरीनं बांधावं लागतं. मी कोड पाठवायला सुरुवात केली, त्याच दिवशी पोस्टातल्या बचत खात्यात १३,००० रुपये बाजूला काढले आणि वहीत नवं पान घातलं. ह्यांनी पान वाचलं आणि विचारलं, "टॅन मागवलास का त्यांचा?"